आकडा उतरवताना: प्रस्तावना

छोट्या धंद्यात आकडा चुकतो तो बेरजेत नाही, उतरवताना. बेरीज हल्ली मोबाइल करतो. पण काट्यावर दिसलेलं वजन कागदाच्या कपट्यावर, कपट्यावरून कच्च्या वहीत आणि तिथून संध्याकाळी पक्क्या वहीत किंवा संगणकात, हा सगळा प्रवास अजून हातानेच चालतो, आणि दर मुक्कामाला आकडा बदलायची धास्ती असते. दुकानदारांचे आणि लहान संस्थांचे हिशेब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. ताळा जुळत नाही तेव्हा फरकाला ९ ने भाग जातो का ते आधी बघायचं, हा आमच्यातला जुना तोडगा. ५४० चे ४५० झाले असतील तर फरक ९० येतो. अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमीच ९ च्या पाढ्यात बसतो. भाग गेला की समजायचं, उतरवणाऱ्याचा हात घसरलाय.

कमी पल्ल्याच्या बिनतारी तंत्रावरच्या पुस्तकाला हिशेबनिसाने प्रस्तावना लिहावी हे कुणाला विचित्र वाटेल. पण ब्लूटूथचा प्रिंटर, कार्ड टेकवून पैसे घेणारं मशीन, मालाला अडकवायचा आरएफआयडी टॅग या वस्तू दुकानात शिरतात त्या बहुतेकदा शेजाऱ्याकडे दिसल्या म्हणून, नाहीतर विक्रेत्याने गळ्यात मारल्या म्हणून. त्या ठेवायच्या की नाही हे ठरवायला मला एकच कसोटी पुरते. हाताने उतरवायचा एखादा आकडा या वस्तूने वाचवला का? वाचवला असेल तर पैसे वसूल. नसेल तर ती पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाणार.

या कसोटीवर सगळ्यात लख्ख उतरणारं उदाहरण गावच्या दूध संकलन केंद्रात सापडतं. सकाळी सहा-साडेसहाला किटल्या आणि कॅन घेऊन रांग लागते. दूध काट्यावर ओतलं की वजन कळतं. नमुन्याचा कप यंत्राच्या नळीखाली धरला की ध्वनिलहरींवर चालणारं ते यंत्र थोड्याच वेळात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, दाखवतं. (गर्बर पद्धतीत यासाठी सल्फ्युरिक ॲसिड घालून काचेच्या नळ्या गरागरा फिरवाव्या लागत; तो वास ज्याच्या नाकात बसलाय त्याला यंत्राचं मोल वेगळं सांगायला नको.) इथपर्यंत सगळं यंत्राचं. पुढे केंद्रचालक दोन पडद्यांवरचे आकडे डोळ्यांनी वाचतो, दरपत्रकावर बोट फिरवून दर काढतो, गुणाकार करतो आणि शेतकऱ्याच्या कार्डावर लिहितो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात. त्याच्या वरखाली पॉइंटागणिक पैसे वाढतात किंवा कापले जातात. हात ओले, मागे रांग, कार्ड भिजलेलं.

"नाना, काल चार-नऊ लागली म्हणालात. कार्डावर चार-एक दिसतंय."

"अहो, नऊच आहे तो. पेन उमटलं नाही नीट."

त्या न उमटलेल्या रेघेची किंमत दहा दिवसांनी दुधाचा पगार हातात पडतो तेव्हा कळते. मग वहीत खाडाखोड, वादावादी, आणि पुढच्या खेपेला शेजारच्या केंद्रावर दूध.

आता काट्याच्या आणि फॅटच्या यंत्राच्या पाठीमागे एकेक ब्लूटूथ जोडणी बसवली की दोन्ही आकडे आपोआप फोनवर येतात. फोनमध्ये दरपत्रक आधीच भरलेलं असतं, आणि कमरेला अडकवता येईल अशा प्रिंटरमधून पावती बाहेर येते. मध्ये कुठे पेन नाही. मला जास्त मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट: या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. डोंगरापलीकडच्या वाडीत टॉवर बंद पडला तरी दूध थांबत नाही. दिवसाचा गोषवारा मागाहून, रेंज आल्यावर, दूध संघाकडे जातो.

काट्यामागच्या सॉकेटमधून आकडे बाहेर पडतात ते बहुधा आरएस-२३२ या प्रमाणाने, आणि ते प्रमाण अमेरिकेत ठरलं १९६० साली. एरिक्सन कंपनीच्या स्वीडनमधल्या लुंड इथल्या शाखेत याप हार्टसेन या डच अभियंत्याने १९९४ मध्ये ज्या कामाला हात घातला, ते मुळात याच आरएस-२३२ ची केबल काढून टाकण्याचं होतं. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि ब्लूटूथ सगळ्यांसाठी खुलं झालं. कानातली गाणी ही नंतरची हौस. दूध केंद्रावर ब्लूटूथ त्याच्या मूळच्या नोकरीवर रुजू झालंय, असं म्हणायला हरकत नाही.

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एचसी-०५ नावाचं अंगठ्याएवढं मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं, आणि थोडं हात चालवणारा मेकॅनिक ते आरएस-२३२ च्या सॉकेटला जोडून देतो. बहुतेक वेळा त्याचा वेग ९६०० आणि पिन १२३४ असा ठरवून आलेला असतो. काट्याचा वेग वेगळा असला तर फोनवर वजनाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. मग काटाच बिघडला असं समजून तो दुरुस्तीला जातो, आणि दुरुस्तीवाला काहीही न करता पैसे घेऊन तो परत देतो. पुस्तकातलं या विषयावरचं प्रकरण त्यासाठी तरी वाचावं. एक गोष्ट मात्र मी इथेच बजावून ठेवतो: जोडणी बाहेरून, सॉकेटलाच करायची. काटा उघडायचा नाही. वैधमापनशास्त्र खात्याचं सील तुटलं की काटा कितीही बरोबर तोलत असला तरी पुन्हा पडताळणी होईपर्यंत त्याच्यावर धंदा करणं गुन्हा ठरतो. आणि काट्यातच पाप असेल तर ब्लूटूथ ते पाप इमानेइतबारे फोनपर्यंत पोचवेल, एवढंच.

दुकानदारांच्या बोलण्यात 'वायरलेस' या एका शब्दाखाली सगळंच येतं, म्हणून सीमा आखायला हवी. पैसे जमा झाल्याची आरोळी ठोकणारा साउंडबॉक्स या पुस्तकाचा विषय नाही; त्याच्या पोटात सिमकार्ड असतं आणि तो मोबाइलच्या टॉवरशी बोलतो. क्यूआर कोडही नाही, तो कॅमेऱ्याने वाचायचा. इथे विषय तीन तंत्रांचा. ब्लूटूथ, ज्याचा पल्ला दुकानातल्या सर्वसाधारण उपकरणांत १० मीटरच्या आसपास. एनएफसी, ज्याचा पल्ला जेमतेम ४ सेंटिमीटर. आणि आरएफआयडी, ज्याचा पल्ला जातीप्रमाणे बोटभर ते काही मीटर. पल्ला कमी म्हणजे माल हलका, असं गिऱ्हाइकाला वाटतं. पैशांच्या व्यवहारात मात्र कमी पल्ला हीच सोय आहे: कार्ड मशीनला मुद्दाम नेऊन टेकवल्याशिवाय काही होत नाही, आणि रांगेतल्या मागच्या माणसाच्या खिशातलं कार्ड वाचलं जात नाही.

प्रिंटरविषयी मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण मराठी दुकानदाराला तो वेगळा छळतो. दोन इंची म्हणतात त्या प्रिंटरचा कागद ५८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यावर एका ओळीत ३८४ ठिपके बसतात. इंग्रजी अक्षरांचे साचे प्रिंटरच्या पोटातच असतात. फोनने 'ए' म्हणून नुसता सांकेतिक आकडा पाठवला की प्रिंटर अक्षर काढतो. ३२ अक्षरांची ओळ ३२ बाइटांत होते. देवनागरीचे साचे बहुतेक स्वस्त प्रिंटरांत नसतातच. म्हणून 'तूरडाळ १ किलो' ही ओळ फोनला चित्र म्हणून काढावी लागते आणि ठिपक्या-ठिपक्याने पाठवावी लागते. ओळ २४ ठिपके उंच धरली तरी ३८४ गुणिले २४ म्हणजे ९,२१६ ठिपके, म्हणजे १,१५२ बाइट. इंग्रजीच्या ३६ पट. शिवाय वेलांटी, रफार, उकार यांना जागा लागते, त्यामुळे २४ ठिपक्यांत ओळ गुदमरते. स्वस्त प्रिंटरची तात्पुरती स्मृती एवढ्याने भरून जाते आणि बिल अर्ध्यात थांबतं. किंवा 'र्‍हस्व-दीर्घ' सोडाच, पुढच्या ओळीत नुसता कचरा छापला जातो. दुकानदार वैतागून ॲपची भाषा इंग्रजी करतो, आणि गिऱ्हाइकाच्या हातात 'टीडी १ केजी' असं काहीतरी पडतं. घरी आजी ते बिल वाचू शकत नाही. यावर उपाय आहेत: ॲपमध्ये दोन ओळींच्या मधला विराम वाढवणं, लांब बिल तुकड्यांत पाठवणं, खरेदीच्या आधी पंचवीस-तीस वस्तूंचं मराठी बिल काढून दाखवायला सांगणं. विक्रेता दोन वस्तूंचं इंग्रजी बिल छापून दाखवतो, त्यावर भुलू नये.

बाकीच्या तक्रारींत बहुतेक वेळा प्रिंटर निर्दोष असतो. स्वस्त ब्लूटूथ प्रिंटर एका वेळी एकाच फोनशी बोलतो. सकाळी मुलाने जोडलेला फोन मुलाबरोबर बँकेत गेला तर संबंध तुटतो. पण मुलगा मागच्या गोदामात बसून असेल तर वडील काउंटरवर 'कनेक्ट होत नाही' म्हणत बसतात. मुलाने आयफोन घेतला की आणखी गंमत: जुन्या धाटणीच्या ब्लूटूथवर चालणारा प्रिंटर त्याच्या ॲपला दिसतच नाही. आणि अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंतच्या फोनांवर प्रिंटर शोधायला लोकेशनची परवानगी द्यावी लागते. 'बिल छापायला माझा ठावठिकाणा कशाला?' हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय, आणि तो रास्त आहे. आसपासची ब्लूटूथ उपकरणं ओळखता आली तर त्यावरून माणूस कुठे आहे हेही ताडता येतं, म्हणून अँड्रॉइडने ती अट घातली होती. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली. परवानगी नाकारून प्रिंटर शोधत बसणारे दुकानदार जुन्या फोनांवर अजून भेटतात.

खानावळीत आणि हॉटेलात चार वेटर चार फोनांवर ऑर्डर घेतात आणि सगळ्यांची केओटी, म्हणजे आचाऱ्यासाठीची ऑर्डरची चिठ्ठी, स्वयंपाकघरातल्या एका प्रिंटरवर निघायला हवी असते. तिथे ब्लूटूथच्या नादी लागू नये. सरळ वायफायचा किंवा वायरीचा प्रिंटर घ्यावा. हे पुस्तकाच्या लेखकानेही मोकळेपणाने लिहिलंय. स्वतःच्या विषयाची हद्द सांगणारा लेखक मला भरवशाचा वाटतो.

गर्दीचं गणितही वेगळं आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. भारतात हा पट्टा २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला झाला, आणि फुकटात मिळालेल्या जागेवर जी झुंबड उडते ती इथेही उडाली: वायफाय तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. ब्लूटूथ यातून वाट काढतं ते पट्ट्याचे ७९ भाग पाडून, सेकंदाला १,६०० वेळा भाग बदलत. तरीही धनत्रयोदशीच्या संध्याकाळी प्रिंटर रुसतो, कारण माणसाच्या शरीरात पाणीच जास्त आणि या लहरी पाणी शोषून घेतं. काउंटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये गिऱ्हाइकांची भिंत उभी राहिली की एरवी दहा मीटर जाणारा संदेश तीन मीटरवर धापा टाकतो. प्रिंटर लोखंडी रॅकमागे न ठेवता फोनसमोर, उंचावर ठेवला की निम्म्या तक्रारी मिटतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, म्हणून विक्रेते हे सांगत नाहीत.

एनएफसीबद्दल थोडक्यात. कार्डावर एकाशेजारी एक चार कमानी दिसल्या की ते टेकवता येतं. कार्डात बॅटरी नसते. मशीनच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावरच त्याची चिप क्षणभर जागी होते. रिझर्व्ह बँकेने पिनशिवाय टेकवण्याची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २,००० रुपयांवरून ५,००० रुपये केली. पुणे मेट्रोचं कार्ड वापरणाऱ्याला ही क्रिया शिकवावी लागत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये यूपीआय लाइट एक्स आलं: दोन फोन जवळ आणायचे, इंटरनेट नसलं तरी छोटी रक्कम इकडून तिकडे. कल्पना मला फार आवडली. पण आपल्याकडच्या बेताच्या किमतीच्या फोनांत एनएफसी क्वचितच असतं, त्यामुळे भाजीवाल्याच्या गाडीवर अजून क्यूआर कोडचंच राज्य आहे. एनएफसीचे स्टिकर मात्र स्वस्त आहेत. दारावर एक चिकटवून पत्ता, वेळ, मेनू त्यात भरता येतो. भरून झाल्यावर स्टिकर कुलूपबंद करायला विसरू नये. नाहीतर कुणीही फोन टेकवून त्यात आपली लिंक घालून जाईल.

आरएफआयडीच्या प्रकरणाशी माझं पुरतं जमलेलं नाही. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा सगळ्यांच्या परिचयाचा आरएफआयडी. फेब्रुवारी २०२१ पासून तो टोलनाक्यांवर सक्तीचा झाला. त्याच जातीचे टॅग दागिन्यांना दोऱ्याने अडकवून सराफ संध्याकाळी ट्रेच्या ट्रे काही मिनिटांत मोजतात. एकेक नग हातात घेऊन चिठ्ठी वाचायची आणि वहीत टिक करायची, हे ज्याने केलंय त्याला याचं अप्रूप कळेल, आणि माझ्या कसोटीवरही ते पूर्ण उतरतं. पण धातूला चिकटलेला टॅग नीट वाचला जात नाही, एकमेकांवर पडलेले टॅग गाळले जातात, तेलाच्या डब्यांना आणि पाण्याच्या बाटल्यांना हे तंत्र फारसं मानवत नाही. किराणा दुकानदाराने त्याच्यासाठी खर्च करावा असं लेखक सुचवतात, तिथे मी थबकतो. साबणाच्या वडीवर बारकोड कंपनीनेच छापलेला असतो. तो वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर घेतला की काम होतं, आणि टॅगचा खर्च वाचतो. सराफ, साड्यांचे व्यापारी, भाड्याने मंडप-भांडी देणारे यांच्यापुरतं हे प्रकरण ठेवलं असतं तर ते जास्त टोकदार झालं असतं.

बीकन नावाच्या प्रकाराला पुस्तकात दोनच पानं दिली आहेत आणि तीही जास्त वाटतात. दुकानाजवळून जाणाऱ्याच्या फोनवर ब्लूटूथने जाहिरात ढकलायची ही कल्पना २०१३ मध्ये ॲपलच्या आयबीकनमुळे गाजली. लोक वैतागले आणि गूगलने आपली तशीच सोय २०१८ च्या डिसेंबरात बंद केली. दारावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणाऱ्या दुकानदाराला तिची गरज कधीच नव्हती.

सुरक्षेबद्दल लेखकाने घाबरवलेलं नाही, हे बरं केलं. बाजारपेठेत एकाला लागून एक दुकानं, सगळ्यांचे प्रिंटर एकाच बनावटीचे, सगळ्यांचं नाव तेच आणि पिन ०००० किंवा १२३४. नवा नोकर फोन जोडताना यादीतलं पहिलं नाव दाबतो आणि आपल्या दुकानाचं बिल शेजारच्या मेडिकलमध्ये निघतं. प्रिंटरला दुकानाचं नाव आणि स्वतःचा पिन दिला की हे टळतं. हजेरीच्या कार्डांची गोष्ट जास्त गंभीर आहे. १२५ किलोहर्ट्झची साधी पांढरी कार्डं सहज नकलता येतात, तेव्हा गोदामाचं दार त्यांच्या भरवशावर सोडू नये.

हिशेबनीस म्हणून शेवटचं एक गाऱ्हाणं. थर्मल कागदाला शाई लागत नाही, उष्णतेने तो काळा पडतो, आणि त्याच कारणाने उन्हात, तेलकट हातात, प्लॅस्टिकच्या पाकिटात तो पुसट होतो. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. आमच्याकडे मार्चमध्ये जी खोकी येतात त्यांत कोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे असतात: पंपाच्या, ट्रान्सपोर्टच्या, घाऊक खरेदीच्या. पावती ब्लूटूथने छापली म्हणजे ती नोंद झाली असं होत नाही. फोनमधला आकडा रोजच्या रोज दुसरीकडे साठवला गेला पाहिजे, आणि मिळालेल्या पावतीचा त्याच दिवशी फोटो निघाला पाहिजे. पुस्तकात हे परिशिष्टात, बारीक टायपात आलंय. पुढच्या आवृत्तीत ते प्रिंटरच्या प्रकरणात, पहिल्या पानावर आणावं, असं मी लेखकांना कळवलं आहे. त्यांनी ते मान्य केलंय. यंत्रांच्या किमती छापायची माझी दुसरी सूचना मात्र त्यांनी फेटाळली. पुस्तक बांधून येईपर्यंत त्या बदलतात, असं त्यांचं म्हणणं.